काळ्या टोपीचा उलटा भुंगा

एका माणसाचा सूड घ्यायचा म्हणून कोणी वर्षानुवर्षं इंजिनांची मागची झाकणं उघडत बसेल, हे सांगूनही खरं वाटणार नाही. भिंगबाई बसली होती. लोकांना वाटायचं, बाईला खेळातल्या विमानांच्या जुन्या इंजिनांचं वेड आहे. वेड होतंच, पण ते इंजिनांचं नव्हतं.

तिचं कामाचं टेबल खिडकीशी होतं. त्यावर जाड फडकं, पाच बारीक स्क्रूड्रायव्हर, रॉकेलची वाटी, दात घासायचा जुना ब्रश. कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग, त्यावरूनच हे नाव पडलेलं. शौकीन मंडळी आपापली इंजिनं खोक्यात घालून तिच्याकडे पाठवायची आणि विचारायची, बाई, हे कुठल्या प्रकारातलं? मग ती अंगठ्यापेक्षा थोडंसंच मोठं असलेलं ते इंजिन हातात घेऊन सावकाश फिरवायची. वरच्या टोपीला थंडाव्याच्या चकत्या पाच की सहा, सुईची नळी पितळी की पोलादी, पायावरचा नंबर हाताने ठोकलेला की मशीनने, स्क्रूचं डोकं गोल की चपटं. दोन मिनिटांत निकाल. एकाने मोठ्या तोऱ्यात ‘पहिल्या वर्षातलं, अस्सल’ म्हणून एक इंजिन पाठवलं होतं. त्याला तिने उत्तर लिहिलं, "टोपी पहिल्या वर्षातली, पोट तिसऱ्या वर्षातलं आणि स्क्रू तुमच्या घरच्या शिलाई मशीनचे. बाकी अस्सल." तो माणूस पुन्हा तिच्या वाटेला गेला नाही.

त्यातही ‘भुंगा’ म्हटलं की तिचा शब्द शेवटचा. भुंगा म्हणजे अडीच सीसीचं छोटं डिझेल इंजिन. ज्या कारखान्यात ते बनायचं तिथे ती बाविसाव्या वर्षी मिलिंग मशीनवर लागली होती. मशीनवर बसणारी तिथली पहिली मुलगी. वडील त्याच कारखान्यात स्टोअरकीपर होते, त्यांनी शब्द टाकला म्हणून लागली. चौदा महिन्यांनी तिला हाकलून दिलं.

काय झालं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. इंजिनाच्या शाफ्टला एक खिडकी असते. शाफ्ट फिरला की ती ठरावीक वेळी उघडते आणि आत इंधन येतं. ही खिडकी कापायचं काम तिच्या मशीनवर होतं. शाफ्ट ज्या साच्यात धरायचा त्याला पिनेसाठी दोन भोकं होती. उजवं भुंग्यासाठी आणि डावं होडीच्या इंजिनासाठी, कारण ते उलटं फिरायचं. भुंग्याच्या वेळी पिन डाव्या भोकात गेली तर खिडकी आरशातल्यासारखी दुसऱ्या बाजूला पडणार, इंजिन उलटं फिरणार आणि विमान मागे जायला बघणार. म्हणून पिनेला हात लावायचा अधिकार ऑपरेटरला नव्हता. ते काम सेटरचं. तो पिन लावायचा, तिच्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, पहिला नग स्वतः कापून तपासायचा, त्याच्या आतल्या तोंडावर आपला त्रिकोणी पंच ठोकायचा आणि मशीनच्या कडेला ठेवून द्यायचा. त्याबरहुकूम ऑपरेटरने पुढचे कापायचे. पहिल्या नगावर ज्याचा शिक्का त्याच्या डोक्यावर सगळा लॉट, अशी रीत होती.

त्या दिवशी सेटरने पिन डाव्या भोकात घातली. लॉट नव्या लाल टोपीच्या इंजिनांचा होता, त्यामुळे खिडकी वेगळ्या बाजूला पाहून तिला वाटलं, इंजिन नवं आहे, बदलली असेल. पहिल्या नगावर त्रिकोण होता. तिने साठ शाफ्ट त्याच्यासारखे कापले. ते साठ इंजिनांत बसले. चाचणीला दहातलं एक जायचं, त्यातलं पहिलंच उलटं फिरलं आणि एकच गोंधळ झाला. दुसऱ्या दिवशी चौकशीला साहेब मशीनपाशी आले तेव्हा पिन उजव्या भोकात होती, तिच्यावर पिवळा ठिपका होता आणि कडेला ठेवलेला पहिला नग सरळ होता, त्रिकोणासकट. सेटरने लिहून दिलं की पहिला नग मी बरोबर पास केला, नंतर ऑपरेटरने पिन हलवली आणि अंगाशी आल्यावर परत जागेवर लावली. तिने जीव तोडून सांगितलं की हा तो नग नव्हे. कोण ऐकतंय.

आणि तिचे वडील. साहेबांच्या केबिनमध्ये ते तिच्या शेजारी उभे राहिले, मान खाली घातली आणि म्हणाले, "पोरीची चूक झाली साहेब. पदरात घ्या."

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले, पण तिच्याशी धड बोलले नाहीत. ताट वाढलं की नजर वर न करता जेवायचे आणि उठायचे. मुलीने आपलं नाक कापलं असं मनात धरून बाप गेला, हे तिच्या जिवाला जे लागलं ते लागलंच. नोकरीचं तिला एवढं वाटलं नाही. नोकऱ्या पुढे मिळाल्या, सुटल्या, परत मिळाल्या. पण भांडी घासताना, केस विंचरताना, कधीही ते ‘पोरीची चूक झाली’ कानात यायचं आणि तळपायाची आग मस्तकात जायची. ज्याने आपल्या बापाच्या तोंडून हे वदवलं त्याला मी सोडणार नाही, असं ती स्वतःशी मोठ्याने म्हणायची. शेजारणीला वाटायचं ही फोनवर भांडतेय.

सेटर यथावकाश फोरमन झाला. कारखाना बंद पडला. साहेब मंडळी एकेक करून वारली. ते साठ उलटे भुंगे खेळण्यांच्या एका दुकानदाराने उचलले होते, ते हळूहळू शौकिनांच्या हाती लागले आणि दुर्मीळ ठरले. ‘उलटा भुंगा’ म्हणजे कपाटातला मानाचा नग झाला. शौकिनांच्या मंडळाच्या मासिकात कोणीतरी फोरमनला विचारलं, असे का बनवले होते हो? आणि त्या माणसाने पापणी न हलवता उत्तर दिलं, "मागे पंखा असलेल्या विमानांसाठी. माझाच प्रयोग होता तो."

म्हणजे चूक होती तोवर तिची आणि कौतुक सुरू झाल्यावर त्याची. ते वाचलं त्या दिवशी तिने हातातला चहाचा कप भिंतीवर फोडला, मग खाली बसून तुकडे वेचले आणि ठरवलं. खरा पहिला नग, उलटी खिडकी आणि वर त्रिकोण असलेला, कुठेतरी असणारच. त्या घाईगर्दीत तो साठांच्या घोळक्यात मिसळला असणार. तेव्हापासून तिने इंजिनं ओळखून द्यायचा आणि दुरुस्त करायचा उद्योग जोरात चालवला. येईल त्या लाल टोपीच्या उलट्या भुंग्याचं मागचं झाकण उघडायचं आणि शाफ्टचं तोंड भिंगाखाली धरायचं. साठांपैकी त्रेपन्न तिच्या हाताखालून गेले. एकावरही त्रिकोण नव्हता.

मंडळाचा चिटणीस धंद्याने दातांचा डॉक्टर होता. गोरा, गुबगुबीत आणि कशानेही हरखून जाणारा माणूस. वार्षिक मेळाव्याच्या तीन दिवस आधी तो तिच्याकडे एक इंजिन घेऊन आला तेव्हा पायातले बूट काढायचंही विसरला.

"बाई, हे बघा. काळी टोपी. म्हणजे साधा भुंगा, बरोबर? एका घरात पेटीत पडून होता. सुरूच होत नाही म्हणून मूळ मालकाने बाजूला टाकलेला. मी सहज उलटा पंखा मारला तर पहिल्या झटक्याला चालू."

"काळी टोपी उलटी फिरत नाही," भिंगबाई म्हणाली.

"तेच तर म्हणतो मी. नवा प्रकार आहे हा. आजपर्यंत कोणालाच माहीत नसलेला."

तिने इंजिन घेतलं. टोपीला पाच चकत्या, पितळी नळी, हाताने ठोकलेला नंबर तीन हजार चारशे बारा. स्क्रूंच्या खाचा अगदी कोऱ्या, कधी उघडलेच नव्हते. "हा नंबर त्याच आठवड्यातला," ती म्हणाली. "मला काढलं त्या आठवड्यातला." मग तिने चार स्क्रू सोडवले, मागचं झाकण काढलं आणि भिंग खाली ओढलं.

त्रिकोण होता. बारीक, एक कोपरा जरा बोथट, अगदी तसाच. शेजारी खिडकी, आरशातल्यासारखी उलटी.

तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर फडक्यावर पडला. आतून भाची आली. धाकट्या बहिणीची ही मुलगी नोकरीसाठी तिच्याकडे राहायची आणि मंडळाची प्रकारनोंद टाइप करायचं कामही तिच्याच गळ्यात पडलेलं. "काय झालं मावशी? साप निघाला का आतून?"

"निघाला," ती म्हणाली आणि हसली. भाचीने तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरने भिंगातून वाकून पाहिलं आणि त्याला उकळ्या फुटल्या. "हा तर फोरमनसाहेबांचा पंच. बाई, म्हणजे हा त्यांच्या प्रयोगाचा पहिला नमुना. खुद्द त्यांच्या हातचा. मेळाव्यात त्यांचा सत्कार आहे, तेव्हाच जाहीर करू. आजच फोन करतो त्यांना."

तिला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं जो पुरावा शोधला तो हाती आला, आणि तो त्या माणसाच्या डोक्यावर मुकुट म्हणून बसणार होता. ज्याला चूक म्हणायचं त्याला आता सगळे प्रयोग म्हणत होते. चुकीवरचा शिक्का म्हणजे गुन्हा, पण प्रयोगावरचा शिक्का म्हणजे सही. डॉक्टर खाली गाडी सुरू करेपर्यंत ती जागची हलली नाही.

मग ती उठली, कपाटातून पत्र्याचा डबा काढला आणि त्यातला घडीचा पिवळट कागद टेबलावर पसरला. तो मेमो होता, तिला नोकरीवरून काढताना दिलेला, त्यातच सेटरचा लेखी जबाब आणि खाली त्याची सही. हा कागद तिने कधी कोणाला दाखवला नव्हता, कारण तो एकटा दाखवला तर साठ शाफ्ट तिनेच बिघडवले असं त्यात चक्क लिहिलेलं होतं. नुसता शाफ्ट दाखवावा तर फोरमन मोठा होतो, नुसता कागद दाखवावा तर आपण बुडतो. पण दोन्ही एकत्र ठेवले की? कागदात तो म्हणतो लॉट बिघडला, म्हणजे प्रयोग नव्हता. कागदात तो म्हणतो पहिला नग सरळ होता, आणि हा इथे पहिला नग, उलटा, त्याच्या शिक्क्याचा. दोन्ही खोटं त्याचंच आणि दोन्ही त्याच्याच हातचं. आता तो सुटत नव्हता. तिने इंजिन कागदावर ठेवलं आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. भूक लागलेली असूनही जेवायला उठावंसं वाटेना, इतकं तिला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोरमन स्वतः आला.

ऐंशीला टेकलेला माणूस, हातात काठी, कोटाची बटणं नीट लावलेली. एकेचाळीस वर्षांत त्याने तिच्या दाराची पायरी चढली नव्हती. भाचीने खुर्ची दिली. तो बसला, दम खाल्ला आणि टेबलाकडे पाहिलं. इंजिन समोरच होतं.

"काळी टोपी," तो म्हणाला. "मला वाटलं होतं तो भट्टीत गेला."

"तो म्हणजे कोण?"

"उगाच वेड पांघरू नकोस. उघडलंयस तू." त्याचा आवाज अजूनही कारखान्यात बोलावं तसा वरच्या पट्टीतला होता. "बोल, काय हवंय? परवा मंचावरून मी सांगतो की कल्पना दोघांची होती. प्रकारनोंदीत तुझंही नाव घालू. हवं तर एकट्या तुझंच घालू. मला काय, माझी लाकडं गेलीत स्मशानात."

"मला नाव नकोय."

"मग?"

"मला तुम्ही त्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर तोंड लपवताना बघायचंय," ती म्हणाली. तिने हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्या वेळा घोकलं होतं की ते बाहेर पडलं तेव्हा अगदी सहज पडलं. "माझ्या बापाने तुमच्यासमोर मान खाली घातली होती. तुमची घातलेली मला बघायचीय."

फोरमनने काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "तुझ्या बापाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. तुझ्या मशीनच्या कडेचा तो नग त्यानेच उचलला. मुठीत धरून माझ्याकडे आला, संध्याकाळी, सगळे गेल्यावर. म्हणाला, ही तुमची चूक आहे. मी म्हटलं, आहे. पण मी साहेबांच्या मर्जीतला आहे. एक तर मुलगी जाईल, नाहीतर मुलगी आणि बाप दोघंही जाल. घरी धाकटी शिकतेय ना? बघ बाबा." त्याने इंजिनाकडे बोट दाखवलं. "सरळ शाफ्ट आणला कुठून असेल मी? त्रिकोणवाला? जुन्या लॉटचा, स्टोअरमधला. त्याने स्वतःच्या हाताने काढून दिला. उलटा मी त्याच्याकडेच दिला भट्टीत टाकायला. टाकला म्हणाला होता."

"खोटं."

"असेल. तू तज्ज्ञ आहेस. बघ ना, काळ्या टोपीत तो शाफ्ट कोण घालू शकतं ते." तो काठीवर रेलून उठला. "तू तो सगळ्यांसमोर आणलास तर मी हेही सांगणार. तुझा बाप देवमाणूस म्हणून गेला. राहू दे तसाच."

तो गेल्यावर ती खुर्चीत बसली आणि तिने इंजिन हातात घेतलं. दोन मिनिटांत निकाल, नेहमीसारखा. नंबर तीन हजार चारशे बारा, चौकशीच्या दुसऱ्या दिवशी जोडलेला. जोडणीला शाफ्ट स्टोअरमधून मिळायचे, सकाळी ट्रेमध्ये, वीस-वीस, स्टोअरकीपरने स्वतः मोजून लावलेले. दुसऱ्या कोणाचा हात त्या ट्रेला लागत नसे. वडील घरी कधी चांगलं बटण फेकत नसत की वाकडा खिळा. भट्टीत टाकवला नसेल त्यांना. मुलीला द्यायची छाती झाली नसेल. म्हणून साध्या इंजिनांच्या ट्रेमध्ये, विसांतला एक, ठेवून दिला आणि मोकळे झाले. चाचणीला न जाता निसटला. ती त्रेपन्न लाल टोप्या उघडत बसली आणि बापाने तो काळ्या टोपीत घातलेला.

म्हणजे ती अकरा वर्षं. ताटावरून वर न येणारी ती नजर. तिला वाटायचं बापाला तिची लाज वाटते. त्यांना स्वतःची वाटत होती, आणि तिला मात्र ते अकरा वर्षं चुकीचं समजू देत राहिले. एका वाक्याने सुटका झाली असती तिची, नुसतं घरातल्या घरात सांगितलं असतं तरी. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, आणि तो फोरमनवरच्या रागापेक्षा कितीतरी ताजा होता.

भाचीने दाराआडून सगळं ऐकलं होतं. ती येऊन टेबलाशी उभी राहिली. "मावशी, सोडून दे ना. आजोबांचं नाव निघालं तर आई मोडून पडेल. आजोबा म्हणजे सगळं काही आहेत तिला."

"असणारच. तिच्या शिक्षणासाठी मला विकलं त्यांनी."

"असं नको ना बोलू."

"मग कसं बोलू? तूच शिकव."

भाचीने चहा केला, तो तसाच निवला.

मेळावा एका शाळेच्या सभागृहात सकाळी दहाला होता. लांब टेबलांवर पांढऱ्या कापडावर इंजिनं मांडलेली, प्रत्येकासमोर पुठ्ठ्याची चिठ्ठी. सत्तर-ऐंशी माणसं, बहुतेक टकली, सगळी वाकून वाकून एकमेकांचे नंबर वाचत होती. मंचावर फोरमन, त्याच्या गळ्यात हार, शेजारी डॉक्टर. कोपऱ्यात एका छोट्या टेबलावर भाची संगणक उघडून बसली होती. नवी प्रकारनोंद पडद्यावर दिसत होती आणि त्यात आज ‘काळी टोपी, उलटा’ हा प्रकार सगळ्यांसमोर घालायचा होता.

डॉक्टरने तोंडभरून भाषण केलं आणि भिंगबाईला वर बोलावलं. तिने झाकण काढलेलं इंजिन फोरमनच्या समोर टेबलावर ठेवलं. तो तिच्याकडे बघून हळूच हसला. ही बापासाठी गप्प बसणार, याची त्याला खात्री होती.

"उलटा भुंगा ही कल्पना तुमची?" तिने ध्वनिवर्धकातून विचारलं.

"हो, माझीच."

"हा पहिला नग. यावरचा त्रिकोण तुमचा?"

"माझाच पंच आहे तो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. घाई करायचं तिला काही कारणच नव्हतं.

मग तिने पर्समधून कागद काढला आणि वाचला. कोणाचं नाव, कुठली तारीख, किती शाफ्ट बिघडले, कोणामुळे बिघडले. पहिला नग मी स्वतः तपासला आणि तो सरळ होता, हे वाक्य तिने दोनदा वाचलं. खालची सही तिने डॉक्टरच्या नाकासमोर धरली. मग डॉक्टरला म्हणाली, "आता हा शाफ्ट बघा आणि सांगा, खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

डॉक्टरने पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "उलटी आहे," तो म्हणाला, आणि ते ध्वनिवर्धकातून सगळीकडे ऐकू गेलं.

"प्रयोग होता तर मला काढलं का? आणि माझी चूक होती तर यावर शिक्का यांचा कसा?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. उलट्या भुंग्यांचे मालक एकमेकांकडे पाहायला लागले. एक जण उठून म्हणाला की बाई, जुन्या गोष्टी आता कशाला उकरायच्या, प्रकार तो प्रकार. त्याच्या कपाटात दोन उलटे होते हे तिला माहीत होतं, दोन्ही तिनेच उघडले होते. "बसा खाली," ती म्हणाली. "तुमच्याकडे आहेत त्या माझ्या हातून कापलेल्या चुका आहेत. ठेवा जपून."

फोरमनच्या गळ्यातला हार हलत होता. तो टेबलाला धरून अर्धवट उठला आणि ओरडला, "विचारा तिला, हा लपवला कोणी ते. विचारा. सांगेल का ती? तिच्या—"

"माझ्या वडिलांनी," भिंगबाई म्हणाली.

तो तसाच अर्धवट उभा राहिला.

"सरळ शाफ्ट यांना काढून दिला तो माझ्या वडिलांनी. उलटा काळ्या टोपीत लपवला तोही माझ्या वडिलांनी. आणि साहेबांसमोर पोरीची चूक झाली म्हणाले तेही तेच. यांनी धमकी दिली होती. पण हात त्यांचेच." तिने फोरमनकडे पाहिलं. "अजून काही सांगायचंय तुम्हाला?"

तो खाली बसला, हार काढायला लागला, तो कॉलरमध्ये अडकला, आणि सोडवता सोडवता त्याची मान खाली गेली ती वर आली नाही. तिने ते पोटभर पाहिलं. चोरून नाही, दया दाखवत नाही, समोर उभी राहून पाहिलं. बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं. पण तिला वाटलं होतं तेवढं नाही, कारण जो दुसरा माणूस मान खाली घालून उभा असायला हवा होता तो तीस वर्षांपूर्वीच मेलेला होता.

ती मंचावरून उतरली आणि भाचीच्या टेबलाशी गेली. सगळं सभागृह पडद्याकडे बघत होतं.

"लिही," ती म्हणाली. "उलटा भुंगा. हा प्रकार नाही, चूक आहे. नग एकसष्ट, साठ लाल टोपीचे, एक काळ्या. कारण, पिन डाव्या भोकात. ऑपरेटर निर्दोष."

भाचीने लिहिलं. अक्षरं पडद्यावर एकेक करून उमटली.

"आता जबाबदार कोण ते लिही."

भाचीने ‘सेटर’ असं टाइप केलं आणि तिची बोटं थांबली. तिने मान वर केली. डोळे भरलेले होते. "मावशी, सेटरवरच थांबू या ना. चूक त्यांचीच होती की. आजोबांचं कशाला?"

"तो शब्द खोड," भिंगबाई म्हणाली. "आधी आजोबांचं लिही. हा तर परका होता."